पाणी पिणारं कापड

कापडाच्या दुकानात बसलो की आपण काय काय विचारतो! रंग जाईल का, काठ आटतील का, इस्त्री लागेल का, दोन वर्षं तरी टिकेल का. पण 'हे कापड पाणी किती पितं, आणि प्यायलेलं पाणी किती वेळात सोडतं?' असं विचारणारं गिऱ्हाईक दुकानदाराला क्वचितच भेटत असेल. खरं म्हणजे हा प्रश्न आपण घरात रोज सोडवतच असतो. अंग पुसायला पंचा, ताटं पुसायला जुन्या धोतराचं फडकं, माठाभोवती ओलं गोणपाट आणि फरशीला सुती पोतेरं. नायलॉनच्या साडीचं पोतेरं कुणी करत नाही. का करत नाही, ते मात्र आपण स्वतःला कधी विचारत नाही.

जिला दिवसभर उघड्यावर राहायचं आहे, तिच्यासाठी हाच प्रश्न पहिला. मग ती शेतात खुरपणारी असो, ऊस तोडणारी असो, पंढरीची वाट चालणारी असो, की मुलांबरोबर गडावर निघालेली तुमच्या-माझ्यासारखी असो. हल्ली बाजारात 'गळ्यात बांधा, उन्हात गार राहा' असे रुमाल आले आहेत. घाम शोषून झटकन वाळणारे सदरे आले आहेत. घडी करून मुठीत मावणारे टॉवेल आले आहेत. किमती ऐकून डोळे पांढरे होतात! यात खरं किती, जाहिरात किती, आणि आपल्या पंचा-घोंगडीला यातलं काय आधीपासून येतं, ते एकदा नीट पाहू या. त्यासाठी जरा नेकनूरकडे जाऊ, कारण तिकडच्या हवेत आणि तिकडच्या बायकांच्या कामात कापडाची परीक्षा फार कडक होते.

नेकनूरचं ऊन आणि उसाचा फड

बीडहून मांजरसुंब्याला यावं आणि केजच्या रस्त्याला लागावं, की नेकनूर लागतं. बालाघाटच्या पठारावरचं हे मोठं गाव. संत बंकटस्वामी महाराजांच्या संस्थानामुळे वारकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं. पाऊस बेताचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि हवा अशी कोरडी की दोरीवर टाकलेलं धुणं बघता बघता खडखडीत वाळतं.

या सगळ्या मुलखात शेतीला पाण्याचा भरवसा नाही. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी अहिल्यानगरकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून हिशेब होतो 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही.

त्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे अंधारात फडात शिरायचं. उसाचं पाचट दवानं चिंब असतं. पानाची कड कापते म्हणून साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला फडकं. तासाभरात बाह्या आणि निऱ्या ओल्या. दहा-अकराला ऊन चढतं, मग तेच कपडे घामानं भिजतात. दुपारनंतर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर चुंबळ ठेवून त्या वाहायच्या, गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कोपीवर परत आल्यावर स्वयंपाक आहेच. आणि महिन्यातले चार दिवस या सगळ्यात आणखी एका ओलीची भर.

म्हणजे दव, घाम, पिण्याचं पाणी आणि पाळी, अशा चार पाण्यांशी तिच्या बोचक्यातल्या चार कपड्यांनी झुंजायचं असतं. प्रत्येक पाण्याला कापड निराळं लागतं. ते कसं, ते पाहू.

कापड पाणी पितं म्हणजे काय करतं?

कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज. पाण्याची आणि त्याची जन्माची मैत्री. नुसत्या हवेतल्या दमटपणातून शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे आठ ग्रॅम पाणी आत घेतो. लोकर त्याच्या दुप्पट, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. नायलॉन चारेक ग्रॅम. आणि आपण टेरिलीन किंवा पॉलिएस्टर म्हणतो ते, अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पॉलिएस्टरची साडी पिळली की लगेच वाळते, त्याचं कारण हेच. धाग्याच्या पोटात पाणी शिरतच नाही. जे असतं ते धाग्याधाग्यांच्या फटींत अडकलेलं.

पण कापूस म्हटलं की पाणी पिणारच, असंही नाही बरं का. कोऱ्या मांजरपाटावर थेंब टाकून बघा, मोत्यासारखा उभा राहील! कापसाच्या तंतूवर निसर्गानं मेणाचा हात फिरवलेला असतो, आणि वर गिरणीची खळ. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मांजरपाट चांगला उकळला, खळबळून धुतला, की मेण आणि खळ दोन्ही जातात आणि मग तो पाणी प्यायला लागतो. आपल्या आया नवं कापड लंगोटाला न घेता जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर घेत, त्यामागं हेच शहाणपण होतं.

उलटही होतं. टॉवेल मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात सुवासिक द्रव घालायची पद्धत आता आली आहे. त्या द्रवाचा तेलकट थर धाग्यावर बसतो आणि चांगला सोलापुरी टॉवेलही पाणी टिपेनासा होतो. टॉवेलची ती बारीक बारीक वेटोळी असतात ना, ती शोभेची नाहीत. प्रत्येक वेटोळं म्हणजे पाण्याला धरायची एक जागा. ती जागा अत्तराला देऊ नका.

आणखी एक गोष्ट धुण्याच्या दगडापाशी उपयोगी पडेल. सुती धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, म्हणून तो आपटून धुतला तरी चालतो. रेयॉन उलट ओला झाला की फार नाजूक होतो. दोन्ही हाताला सारखेच मऊ लागतात. दुकानात विचारून घ्या.

घाम: पुसायचा की वाळवायचा?

घाम आला की पुसायचा, ही आपली सवय. पण शरीर घाम काढतं ते वाळण्यासाठी. एक लिटर घाम अंगावरून वाळला, तर जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बर्फासारखं गार साडेपाच लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला लागते, साधारण तेवढी! ओघळून जमिनीवर पडलेला किंवा पुसून टाकलेला घाम अंगाला काही गारवा देत नाही.

म्हणून कडक उन्हात कपडा असा हवा, की जो घाम उचलेल, पसरेल आणि वाऱ्याला देईल. सैल, पातळ, सुती कापड हे काम छान करतं. ते जरा वेळ ओलं राहतं, आणि कोरड्या उन्हात ते ओलं राहणंच फायद्याचं. मात्र कापड जाड असेल तर घाम नुसता साठतो, जड होतो, काखेत आणि मांड्यांना घासतो.

नव्या पद्धतीचे खेळाडूंचे सदरे दुसरीच युक्ती करतात. त्यांचा पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही, पण त्याला लांबच लांब खाचा असतात. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसा घाम त्या खाचांतून कापडाच्या बाहेरच्या अंगाला पसरतो आणि तिथं लवकर वाळतो. १९८० च्या दशकात ड्यूपाँ या अमेरिकन कंपनीनं असा धागा काढला, आणि आता तो सगळीकडे मिळतो. पळणाऱ्याला, सायकल चालवणाऱ्याला, डोंगर चढणाऱ्याला तो खरोखर सोयीचा. पण लक्षात ठेवा, साधी पॉलिएस्टरची साडी म्हणजे हा धागा नव्हे. शिवाय पॉलिएस्टरला अंगाचं तेल चिकटून राहतं, त्यामुळे घामाचा वास त्याला लवकर धरतो.

मग ऊस तोडणारी बाई पॉलिएस्टरची साडी का नेसते? कारण ती स्वस्त असते, हलकी असते आणि रात्री खळबळून टाकली तर पहाटे वाळलेली मिळते. ज्या बाईजवळ दोनच साड्या आहेत आणि धुण्याला दोन बादल्या पाणी आहे, तिचा हिशेब चुकीचा कसा म्हणावा? मात्र साडी कोणतीही असली तरी अंगाला लागणारे कपडे, म्हणजे परकर, पोलकं आणि आतले कपडे, सुतीच ठेवता आले तर अर्धा त्रास वाचतो. आपण आपल्या मुलींना सहलीला पाठवताना हेच ध्यानात ठेवावं.

ओला पंचा आणि गार रुमाल

आता त्या 'गार राहणाऱ्या' रुमालांकडे येऊ. त्यांचे दोन प्रकार दिसतात. एक स्पंजासारखा टॉवेल, सुकला की पापडासारखा कडक होणारा. पोहणारे लोक असे टॉवेल वापरतात. दुसरा गळपट्टा, ज्याच्या शिवणीत साबुदाण्यासारखे बारीक कण भरलेले असतात. पाण्यात थोडा वेळ बुडवला की कण फुगून जेलीसारखे होतात आणि पट्टा बराच वेळ ओलसर राहतो.

हे कण मोठे गमतीचे आहेत. त्यांचा जन्म शेतीतून झाला. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार झाला, त्याचा एक हेतू जमिनीतली ओल टिकवणं हा होता. शुद्ध पाणी तो आपल्या वजनाच्या शेकडो पट पितो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये त्याच जातीचे कण सॅनिटरी पॅडमध्ये घातले गेले, आणि पुढं लहान मुलांच्या तयार लंगोटांतही. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेनं कोरडवाहू शेतीसाठी 'पुसा हायड्रोजेल' काढलं, तेही याच कुळातलं. यात एक मेख आहे. पाणी खारट असलं की या कणांची भूक एकदम कमी होते, शेकडोंची पट बरीच खाली येते. म्हणून गळपट्टा क्षाराच्या बोअरच्या पाण्यात भिजवला तर कमी फुगतो. त्यात काही बिघाड नसतो.

पण हे रुमाल गार करतात कसे? जादू काही नाही. पाणी वाळताना उष्णता नेतं, तेच. म्हणून हा रुमाल घ्यावा की नाही याची साधी कसोटी सांगते: ज्या गावात उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर गार हवा देतो, तिथं ओला रुमालही गार करतो. नेकनूर, बीड, लातूर, सोलापूर, नागपूर इथं उन्हाळ्यात उत्तम. रत्नागिरी, पणजी किंवा मुंबईच्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, तिथं तो गळ्याभोवतीचा नुसता ओला बोळा!

आणि नेकनूरच्या उन्हात तरी तो विकतचाच हवा का? नाही. पातळ सुती पंचा भिजवून, पिळून, मानेभोवती आणि डोक्यावर घेतला तर काम तेच होतं. फरक एवढाच की पंचा लवकर वाळतो, पुन्हा भिजवावा लागतो. जवळ पाणी असेल तर पंचा पुरे. पाणी दूर असेल आणि पैसे परवडत असतील तर कणांचा पट्टा सोयीचा. मात्र तो शिवणीला फाटलेला असला तर टाकून द्या. कण लहान मुलांच्या तोंडात जाता कामा नयेत. आणि तो ओलाच घडी करून कपाटात ठेवू नका, कुबट वास येऊन बुरशी धरते.

ओलं फडकं किती मोलाचं, ते ऊन बाधल्यावर कळतं. उन्हातलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर वेळ घालवू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून ओली फडकी ठेवा आणि जोरानं वारा घाला. मान, काख, जांघ इथं आधी ओलं करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा आणि गाडी येईपर्यंत फडकी ओली ठेवत राहा. उष्णतेच्या लाटेत माणसं दगावतात, हे अहमदाबादनं २०१० च्या मे महिन्यात अनुभवलं. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उन्हापासून बचावाची योजना आखली. सावली, पाणी आणि वेळेवर इशारा, या अगदी साध्या गोष्टींवर ती उभी आहे.

दव, पाऊस आणि घोंगडी

थंडीतल्या पहाटे मात्र गणित उलटं. उन्हात ज्या ओल्या सुती कापडानं गारवा दिला, तेच पहाटेच्या वाऱ्यात अंगातली ऊब ओढून नेतं. तिथं सुती कापडाचा भरवसा नाही. तिथं लोकर हवी.

आपली घोंगडी हे पाण्याच्या बाबतीत फार शहाणं वस्त्र. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, धनगरांच्या मेंढरांपासून सणगरांच्या मागापर्यंत प्रवास करून आलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात, त्यांवरून पावसाचा थेंब घरंगळतो. पण हवेतली आणि अंगातली वाफ मात्र तंतूच्या पोटात शिरते. वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओल पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. एवढंच नव्हे, ओल आत घेताना ती थोडी ऊब बाहेर टाकते. मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन दिवसभर पावसात उभा राहतो, त्यामागं हे शास्त्र आहे. दोष म्हणाल तर दोन: एकदा पूर्ण भिजली की फार जड होते, आणि वाळायला दिवस घेते.

आषाढीच्या वारीत आता घोंगड्यांपेक्षा प्लास्टिकचे कागद अधिक दिसतात. स्वस्त, हलके आणि पाऊस एक थेंब आत येऊ देत नाहीत. पण घामही बाहेर जाऊ देत नाहीत! मैलभर चालल्यावर आतून बाई तेवढीच भिजते. यावर तोड म्हणून अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये एका प्लास्टिकला झटक्यानं ताणून त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पाडली. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफ बाहेर जाते. १९७६ पासून या कापडाचे कपडे बाजारात आले. हिमालयात जाणाऱ्यांना ते वरदान आहेत. पण आपल्या आषाढातल्या दमट, उबदार हवेत बाहेरच इतकी वाफ असते की आतली वाफ निघायला तयार नसते. तेव्हा वारीला किंवा सह्याद्रीतल्या पावसाळी सहलीला तेवढे पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा. साधा, सैल, काखेखाली वारा खेळेल असा रेनकोट आणि पिशवीत कोरडा सुती जोड, हे बहुतेकींना पुरतं.

छागळ गळत का नाही?

पाणी पिऊनच पाणी अडवणारंही कापड असतं, हे ऐकून नवल वाटेल. जुन्या जीपगाड्यांना पुढं टांगलेली किरमिजाची छागळ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आठवेल. कोरडी छागळ भरली की पहिल्यांदा थेंब थेंब गळते. मग धागे पाणी पिऊन फुगतात, विणीची भोकं बुजतात आणि गळणं थांबतं. नुसती ओल बाहेर येत राहते, ती वाऱ्यानं वाळते आणि आतलं पाणी माठासारखं गार होतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना हीच युक्ती कामाला आली. विमान समुद्रात पडलं की वैमानिक बर्फासारख्या पाण्यात काही मिनिटांत गारठून मरत. मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लांब धाग्याच्या कापसाचं अतिशय दाट विणीचं कापड तयार केलं. कोरडं असताना त्यातून अंगाला वारा लागे. पाण्यात पडताच धागे फुगून वीण घट्ट होई. त्याला 'व्हेंटाइल' नाव पडलं आणि ते आजही मिळतं. युद्धातलं ते नवं कापड आणि आपली छागळ, दोन्ही एकाच कापसाच्या स्वभावावर चालतात.

आज छागळी फारशा मिळत नाहीत. पण प्रवासात प्लास्टिकच्या बाटलीवर ओला सुती मोजा चढवून बघा, किंवा गोणपाटाचा तुकडा शिवून ओला करा. सावलीत, वारा लागेल अशी टांगा. अर्ध्या तासात फरक जाणवेल. भाकरी-भाजीच्या पाटीवर नीट पिळलेलं ओलसर फडकंही उन्हात तेच काम करतं.

चौथं पाणी

आता ज्या पाण्याविषयी आपण दबक्या आवाजात बोलतो, त्याविषयी.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. कारणं अनेक. लहान वयात लग्नं, लागोपाठ बाळंतपणं, वेळेवर उपचार नाहीत, 'पिशवी काढून टाका' असा झटपट सल्ला, आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर भरावा लागणारा खाडा. पण या सगळ्यांच्या तळाशी एक साधी, रोजची गोष्टही होती. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि ओलं कापड वाळवायला जागा नाही.

पाळीचं कापड कुठलं चांगलं, याचं उत्तर खरं म्हणजे कठीण नाही. धुऊन मऊ झालेलं पांढरं किंवा फिक्या रंगाचं सुती कापड पाणी उत्तम पितं. ते आधी गार पाण्यात धुवावं, कारण गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का होतो. मग साबण, आणि मग कडक ऊन. नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा तुकडा कितीही मऊ लागला तरी घेऊ नये; तो टिपत नाही, नुसता घासतो. विकतच्या पॅडमध्ये ते पाणी पिणारे कण असल्यामुळे वरून कोरडं वाटतं. पण कोरडं वाटलं म्हणून ते दिवसभर ठेवू नये, चार ते सहा तासांनी बदलावं. २०१८ च्या जुलैमध्ये पॅडवरचा जीएसटी उठला. धुऊन वापरायच्या कापडी पॅडसाठीही २०२१ पासून भारतीय मानक आहे. घेताना पाकिटावर पाहायला हरकत नाही.

घरात या सगळ्या सूचना सोप्या वाटतात. फडावर मात्र प्रत्येक सूचना अडते. चार तासांनी बदलायचं, तर कुठं? गार पाण्यात धुवायचं, तर पाणी किती लांबून आणायचं? आणि कडक उन्हात वाळत घालायचं, तर सगळ्यांच्या नजरेसमोर? मग ते कोपीच्या कुडात, साडीच्या घडीत, अंधारात दडपलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी दमटच पुन्हा घेतलं जातं. फडावरच्याच बाईचं कशाला, आपल्या फ्लॅटच्या न्हाणीघरातही अजून कित्येक जणी ते परकराखाली लपवूनच वाळवतात ना?

कापडाची सगळी गोष्ट शेवटी इथंच येते. पाणी पिणारं कापड शोधून काढणं हे अर्धंच काम. पाणी सोडायला त्याला ऊन, वारा, दोरी आणि वेळ मिळाला नाही, तर सर्वांत उत्तम कापडसुद्धा घातक ठरतं. नवी कापडं तयार करणारे कारखाने पुष्कळ आहेत. वाळवायची जागा मात्र कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही. ती घरच्यांनी, मुकादमानं, साखर कारखान्यानं आणि सरकारनं द्यायची असते. एक आडोसा, एक पाण्याची टाकी आणि उन्हातली एक दोरी.

आपल्या हातातलं

दिवाळीच्या आधी आपण कपाटं आवरतो. जुन्या साड्या काढतो, कामवाल्या बाईंना देतो, नाहीतर भांडीवालीला. नेमकी तीच वेळ ऊसतोडीला निघण्याची. या वर्षी देताना एवढं करून पाहा:

सुती आणि पॉलिएस्टर वेगळं काढा. ओळखू येत नसेल तर थेंब टाका. कापडात मुरला तर बहुधा सुती, उभा राहिला तर धुऊन पुन्हा पाहा.

जुन्या सुती साड्या, पंचे, धोतरं, चादरी स्वच्छ उकळून, उन्हात वाळवून, हातभर लांबीचे तुकडे करून, कडा दुमडून द्या. फाटकं म्हणून लाजू नका. पाणी प्यायला जुनंच कापड चांगलं.

पॉलिएस्टरच्या साड्याही द्या, त्या नेसायला उपयोगी पडतात. पण त्यांच्याबरोबर एक सुती परकर ठेवा.

आणि कापडांबरोबर एक सुतळीचं किंवा नायलॉनच्या दोरीचं बंडल द्या. पाणी पीत नाही म्हणून ज्या नायलॉनला आपण इतका वेळ नावं ठेवली, तो दोरीला मात्र एक नंबर. उन्हापावसात कुजत नाही आणि ओल्या कापडाचं ओझं बिनतक्रार पेलतो.